अजिंठा-वेरूळ येथील पर्यटनाचा इतिहास : दर्शन, अनुकृती आणि जतन

प्रस्तावना :
छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्हा कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, उष्ण कटिबंधात वसलेला आहे. पावसाळ्यात वाहणारे धबधबे व त्यानंतरचा आल्हाददायक हिवाळा यांमुळे दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत येथे देश-विदेशातील पर्यटकांची गर्दी होते. अजिंठा, वेरूळ, दौलताबादचा किल्ला, खुलताबाद, बीबी का मकबरा आणि पाणचक्की ही स्थळे आज सहलीच्या एकाच कार्यक्रमात बसविली जातात. तथापि ही स्थळे 'पर्यटनस्थळे' म्हणून केव्हा व कशी पुढे आली, आणि या प्रक्रियेची कोणती किंमत द्यावी लागली, याचा विचार क्वचितच केला जातो.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :
१) जिल्ह्यातील पर्यटनाच्या विकासाचे टप्पे स्पष्ट करणे.
२) प्रेक्षकांचे येणे व अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे जतन यांतील परस्परसंबंध तपासणे.
त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

यात्रेकडून प्रवासाकडे :
आधुनिक पर्यटनापूर्वीही या परिसरात बाहेरून लोक येतच होते. वेरूळचे घृष्णेश्वर हे ज्योतिर्लिंग आणि खुलताबादचे सूफी दर्गे यांच्या दर्शनासाठी भाविकांची ये-जा असे. फ्रेंच प्रवासी थेव्हेनो याने इ. स. १६६७ च्या सुमारास वेरूळची लेणी पाहिली. औरंगजेबाच्या कारकिर्दीवरील 'मआसिर-ए-आलमगिरी' या ग्रंथातही वेरूळचे वर्णन येते. पुढे इ. स. १८१० मध्ये कॅप्टन सीली मुंबईहून वेरूळला आला व त्याचा ग्रंथ इ. स. १८२४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. यावरून वेरूळ कधीच विस्मृतीत गेले नव्हते, हे स्पष्ट होते.

अजिंठ्याची स्थिती वेगळी होती. वाघोरा नदीच्या नालाकृती खोऱ्यातील ही लेणी सातवाहन व वाकाटक अशा दोन कालखंडांत कोरली गेली आणि नंतर मुख्य मार्गांपासून दूर राहिली. दि. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी येथे पोहोचला. या घटनेस 'अजिंठ्याचा शोध' म्हणण्याची प्रथा आहे. परंतु स्थानिक रहिवाशांना लेणी ठाऊक होती; त्यामुळे 'शोध' हा शब्द मर्यादित अर्थानेच घ्यावा लागतो. स्मिथने दहाव्या लेण्यातील स्तंभावर, रंगविलेल्या आकृतीवरच आपले नाव व तारीख कोरली. अजिंठ्याच्या आधुनिक दर्शनाचा हा पहिला लेखी पुरावा म्हणजेच चित्रांना झालेल्या इजेचाही पुरावा होय.

अनुकृतींचा काळ :
जेम्स फर्ग्युसन यांनी इ. स. १८४३ मध्ये लेण्यांवर निबंध वाचल्यानंतर चित्रांच्या नकला करण्याचा प्रश्न पुढे आला. इ. स. १८४४ मध्ये हे काम मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांच्याकडे सोपविण्यात आले. त्यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या बहुतेक प्रती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील इ. स. १८६६ च्या आगीत नष्ट झाल्या. मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी इ. स. १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्यांपैकीही अनेक लंडनमध्येच इ. स. १८८५ च्या आगीत जळाल्या. लेडी हेरिंगहॅम यांनी इ. स. १९०९ ते १९११ या काळात नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी चित्रकारांच्या साहाय्याने नवी अनुकृतिमाला तयार केली.

या अनुकृतींमुळे अजिंठ्याची कीर्ती जगभर पसरली, यात शंका नाही. परंतु चित्रे अधिक स्पष्ट दिसावीत म्हणून मूळ भिंतींवर वॉर्निश चढविण्यात आले आणि कालांतराने ते काळवंडले. हैदराबाद संस्थानात इ. स. १९१४ मध्ये गुलाम यझदानी यांच्या नेतृत्वाखाली पुरातत्त्व खाते स्थापन झाले. या खात्याने इ. स. १९२० ते १९२२ मध्ये लोरेन्झो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी सुटलेला गिलावा पुन्हा भिंतीला धरून ठेवला. मात्र त्यांनी वापरलेली लाखही पुढे पिवळी पडली. हेतू चांगला असूनही हानी झाली, हे येथे विशेष लक्षणीय आहे.

दळणवळण व आधुनिक पर्यटन :
इ. स. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेने औरंगाबाद मनमाडशी जोडले गेले आणि प्रवास सुलभ झाला. इ. स. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य व इ. स. १९७५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले. इ. स. १९८३ मध्ये अजिंठा व वेरूळ या दोन्ही स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यानंतर जपानच्या अर्थसाहाय्याने अजिंठा-वेरूळ संवर्धन व पर्यटन विकास प्रकल्प हाती घेण्यात आला. खाजगी वाहने फर्दापूर फाट्यावरच थांबवून पुढे बसने नेण्याची व्यवस्था झाली, हे त्याचे महत्त्वाचे फलित होय.

अशा निर्बंधांचे कारण चित्रांच्या रचनेत आहे. दगडावर भुसा व वनस्पतीचे तंतू मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि त्यावर डिंकासारख्या बंधकात कालविलेले खनिज रंग, अशी ही रचना आहे. ओल्या चुन्यात रंग मुरविलेला नसल्याने चित्रांचा पृष्ठभाग नाजूक आहे. गिलाव्यातील सेंद्रिय घटक कीटकांना आकर्षित करतात. पावसाळ्यातील झिरपणाऱ्या पाण्यात प्रेक्षकांच्या श्वासातील ओलाव्याची व धुळीची भर पडते.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे दिसून येते की, चित्रे अधिक जवळून, अधिक स्पष्ट व अधिक लोकांनी पाहावीत या प्रत्येक प्रयत्नाने कीर्ती वाढविली आणि त्यापैकी बहुतेकांनी मूळ कृतीचे काही ना काही नुकसानही केले. दुसरीकडे मार्गदर्शक, डोलीवाले व छोटे विक्रेते यांचा उदरनिर्वाह पर्यटकांवरच अवलंबून आहे. मार्च २०२० पासून स्मारके अनेक महिने बंद राहिली, तेव्हा ही बाब प्रकर्षाने जाणवली. म्हणून पर्यटक कमी करणे हा उपाय नसून त्यांना विभागणे हा उपाय होय. पितळखोरा, औरंगाबाद लेणी, दौलताबाद व पाणचक्की येथे पर्यटक अधिक काळ रमले, तर त्यांचा जिल्ह्यातील मुक्काम वाढेल, रोजगार टिकेल आणि अजिंठ्याच्या भिंतींवरील भार हलका होईल. ही चित्रे नष्ट झाली तर कोणतीही अनुकृती त्यांची जागा घेऊ शकणार नाही, कारण अनुकृतीही जळतात, हा धडा इतिहासाने दोनदा दिला आहे.