मतपेटीपर्यंतची वाट

निवडणुकीचा इतिहास सांगणारे ग्रंथ मताधिकार कोणास केव्हा मिळाला, याची हकीकत विस्ताराने देतात. मालमत्तेची अट केव्हा गेली, स्त्रियांना मत केव्हा मिळाले, हे सारे आपण तेथे वाचतो. परंतु मताचा अधिकार लाभलेला मनुष्य मतपेटीपर्यंत पोहोचला कसा, आणि पोहोचल्यावर ते मत त्याने स्वतःच्या हाताने दिले की दुसऱ्याच्या, याची वार्ता त्यांत क्वचितच आढळते. आज तिचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

इंग्लंडात १८७२ पर्यंत मतदान उघड होत असे. मतदाराने सर्वांदेखत उमेदवाराचे नाव उच्चारावे आणि ते वहीत टिपले जावे, अशी रीत होती. जमीनदाराच्या किंवा मालकाच्या नजरेसमोर दिलेले मत कितपत स्वतंत्र असणार? म्हणून १८७२ च्या कायद्याने गुप्त मतदान आणले. मात्र त्याच कायद्याने दृष्टिहीन मतदाराची सोय अशी लावली, की त्याने आपली पसंती केंद्राध्यक्षास सांगावी, आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष केंद्राध्यक्षाने त्याच्या वतीने मतपत्रिकेवर खूण करावी. इतरांसाठी जो पडदा लागला, तो याच्यापुरता उघडाच राहिला! पुढे १९३३ मध्ये खास कायदा होऊन त्यास विश्वासातील सोबती बरोबर नेण्याची मुभा मिळाली. ही सुधारणा खरी; परंतु सोबती कितीही भरवशाचा असला, तरी दोघांत वाटलेले गुपित एकट्याचे राहत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली. बहुसंख्य मतदार निरक्षर होते. म्हणून प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र पेटी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह लावण्यात आले. मतदारास वाचता येत नसेल, तर त्यास परत न पाठविता व्यवस्थेनेच आपली रीत बदलावी, हे थोर तत्त्व आपण आरंभीच मान्य केले. परंतु ज्यास दिसत नाही, किंवा ज्यास पायऱ्या चढवत नाहीत, त्याच्या वाट्यास हे तत्त्व पुरतेपणी यावयास अर्धशतक लोटावे लागले. तोवर भर राहिला तो सोबत्यावरच. निवडणूक संचालन नियमांप्रमाणे हा सोबती अठरा वर्षांहून लहान नसावा, एका दिवशी त्याने एकाहून अधिक मतदारांची सोबत करू नये, आणि मत गुप्त राखण्याचे त्याने लिहून द्यावे, असे बंधन आहे.

आपली मतदान केंद्रे बहुधा शाळांतून असतात. शाळेस जोते असते आणि जोत्यास पायऱ्या असतात. धडधाकट मनुष्याच्या त्या ध्यानातही येत नाहीत. चाकाच्या खुर्चीवरील नागरिकाचा मताधिकार मात्र त्या तीन पायऱ्यांपाशी थांबतो. २००४ मध्ये डिसेबल्ड राइट्स ग्रुप या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्रांवर लाकडी रॅम्प बसविण्याचे आदेश दिले. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत मतदान यंत्राच्या बटणांजवळ ब्रेल अंक आले. उमेदवारांची यादीही ब्रेलमध्ये हाती असली, म्हणजे दृष्टिहीन मतदार क्रमांक चाचपून स्वतःच बटण दाबू शकतो. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सर्व मतदान केंद्रे सुगम करणे हे निवडणूक आयोगाचे कर्तव्य ठरविले. पूर्वी जी गोष्ट अधिकाऱ्याच्या सौजन्यावर अवलंबून होती, ती अशा रीतीने नागरिकाच्या हक्कात जमा झाली.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील वृद्धांस, तसेच किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मतदारांस, घरूनच टपाली मत देण्याची सोय प्रथमच देशभर झाली. अंथरुणास खिळलेल्यास ती वरदानच आहे. तथापि, घरी मत घेता येते म्हणून शाळेच्या पायऱ्या तशाच राहू दिल्या, तर तो मोठा अन्याय होईल. मत देणे म्हणजे केवळ बटण दाबणे नव्हे. शेजाऱ्यापाजाऱ्यांबरोबर रांगेत उभे राहून आपण या राज्याचे धनी आहोत, हे अनुभवणेही त्यात आले.

आणि वाट अजून संपलेली नाही. मत दिल्यावर व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेआड सात सेकंद एक चिठ्ठी दिसते, व मत योग्य ठिकाणी पडल्याची खात्री ती देते. ज्यास दृष्टी नाही, त्यास ही खात्री कोण देणार? पुन्हा सोबतीच! १८७२ चा प्रश्न असा नव्या यंत्रात येऊन बसला आहे. तो सुटेल, तेव्हाच गुप्त मतदान खऱ्या अर्थाने सर्वांचे झाले, असे आपणांस म्हणता येईल.