सुरतेच्या वखारीतील डोडो

सुरतेचे नाव निघाले, की शिवछत्रपतींची १६६४ सालची स्वारी आठवते. परंतु त्याच शहरातील इंग्रजांच्या वखारीत एके काळी दोन डोडो पक्षी होते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. इंग्रज कंपनीच्या सेवेत १६२८ साली सुरतेस आलेल्या पीटर मंडीने ते पाहिले व आपल्या प्रवासवृत्तात नोंदवून ठेविले.

डोडो मॉरिशस बेटावाचून जगात अन्यत्र कोठेही नव्हता. हंसाहून थोराड अशा या पक्ष्यास उडता येत नसे. शत्रू नसल्याने भयही ठाऊक नव्हते. १५९८ मध्ये डच खलाशी बेटावर उतरले. माणसांबरोबर आलेल्या डुकरांनी, माकडांनी व उंदरांनी त्याची जमिनीवरील अंडी फस्त केली, आणि शतक सरण्यापूर्वीच ती जात नष्ट झाली.

छायाचित्रणाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. मात्र त्याच सुमारास मुघल चित्रशाळेत काढलेले डोडोचे एक रंगीत चित्र उरले. ते उस्ताद मन्सूरचे मानले जाते व आज सेंट पीटर्सबर्ग येथे आहे. डोडोच्या रूपाविषयी विद्वान त्यावर विशेष भरवसा ठेवतात.

परंतु चित्र स्मृती राखते, प्राण राखीत नाही. १९७४ साली मॉरिशसच्या खरुचीचे रानात अवघे चार पक्षी आढळले. तेव्हा माणसांनी पिले वाढवून रानात सोडली, आणि ती जात तगली. तिचे चित्र आज जिवंत पक्षी पाहून टिपता येते. डोडोसाठी मात्र मन्सूरचे चित्रच पाहावे लागते.