नाणेघाट ते नारायणगाव

कोकणातून जुन्नरकडे चढणाऱ्या व्यापारी तांड्यांचा राबता ज्या नाणेघाटातून होता, तेथील लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राज्ञी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख राजकुळाने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची यादी रुजू करतो. पण त्याच कुळातील हाल राजाच्या नावाने चालत आलेल्या गाथासप्तशतीत यज्ञांची अशी मोजदाद नाही. तिच्या सुमारे ७०० महाराष्ट्री प्राकृत गाथांत शेतकऱ्यांच्या सुना, गावप्रमुखाच्या लेकी, परमुलखी गेलेले नवरे आणि त्यांची वाट पाहणाऱ्या विरहिणी आहेत, आणि बहुतेक गाथेत दोन ओळींच्या आत एखादी सबंध प्रेमकथा सूचित होऊन जाते. तिचा एक मोठा भाग स्पष्टपणे चोरट्या प्रेमाचा आहे. असे असूनही बाणभट्टाने सातव्या शतकात या कोशाची स्तुती केली, आनंदवर्धनाने ध्वनीचे विवेचन करताना संकेतस्थळी जाणाऱ्या स्त्रीची गाथा उदाहरणादाखल घेतली, आणि वेबर या जर्मन पंडिताने १८८१ साली तिची समग्र आवृत्ती सिद्ध केली. मराठी वाचकांसाठी स. आ. जोगळेकरांनी ती १९५६ साली विस्तृत प्रस्तावनेसह संपादित केली, म्हणजे आपल्याच मुलखातील शृंगाराची नोंद आपण जर्मनांच्या पाऊणशे वर्षे मागाहून घेतली.

आता याच जुन्नर तालुक्यातील नारायणगावाकडे वळावे. चैत्र-वैशाखातील जत्रांसाठी आंबेगाव, जुन्नर आणि त्यापलीकडच्या गावांचे पंच सुपारी देण्यास जेथे येतात, त्या तमाशा फडांच्या राहुट्या येथेच पडतात. गण, गौळण, बतावणी आणि शेवटी वग असा त्यांच्या खेळाचा क्रम. वगाच्या इतिहासात पहिले म्हणून मानले जाणारे उमा-बाबू सावळजकरांचे ‘मोहना-बटाव’ (१८६५) मुळात एक प्रेमकथाच होते, आणि पुढे पठ्ठे बापूरावांच्या ‘मिठाराणी’ने तोच वारसा चालविला. विद्वज्जनांनी मात्र या कथांना ग्राम्य ठरवून दाराबाहेर ठेवले. माझ्या मते त्यातील ग्राम्यतेचा भाग गाथांतील ग्राम्यतेहून अधिक नव्हता. फरक इतकाच, की गाथांना राजाश्रय आणि पंडितांची टीका लाभली, वगाला जातिभेदाच्या पायरीखाली उभे राहावे लागले.

मुद्रित प्रेमकथेचीही पहिली पिढी फारशी सुखात नव्हती. हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) आवडीने वाचल्या गेल्या, तरी १८७२ साली का. बा. मराठ्यांनी आपल्या निबंधात अशा कथांच्या असंभाव्यतेवर बोट ठेवलेच. पुढे ‘जादूगार’ (१९२८) आणि ‘दौलत’ (१९२९) लिहिणारे ना. सी. फडके केवळ रंजनाचे लेखक म्हणून हिणवले गेले, आणि तरीही १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद व १९६२ साली पद्मभूषण त्यांच्याकडे चालत आले. पुस्तकाच्या बांधणीतील प्रेमाला अशी प्रतिष्ठा अखेर मिळतेच.

कनातीतल्या प्रेमाला ती किती उशिरा मिळाली हे विठाबाई नारायणगावकरांच्या आयुष्यावरून कळते. १९३५ साली पंढरपुरात जन्मलेल्या आणि भाऊ-बापू मांग नारायणगावकर या घरच्या फडात वाढलेल्या या कलावतीला १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला, पण त्यांची अखेरची वर्षे हलाखीतच गेली, आणि २००२ साली त्या निवर्तल्या. राज्य शासन आज तमाशा कलावंतांना जो जीवनगौरव देते तो त्यांच्याच नावाचा आहे.

हालाने गाथा संकलित केल्या, म्हणून त्या उरल्या आणि उरल्या म्हणून मान्य झाल्या. वग मात्र पुष्कळदा फडमालकाच्या बाडात, सरदाराच्या मुखी आणि सोंगाड्याच्या हजरजबाबीत राहिले. पाठ करणारा गेला की वगही गेला. तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या ग्रंथालयांनी आणि महाविद्यालयांनी, सत्कार-समारंभांचा खर्च काहीसा आवरून, नारायणगावच्या राहुट्यांत जावे, जुने कलावंत हयात आहेत तोवर त्यांच्या तोंडून वग उतरवून घ्यावेत, बाडांच्या नकला कराव्यात, आणि त्या नकलांवर रचनाकाराचे व फडाचे नाव न विसरता लिहावे.