‘आम्ही’ म्हणणारी मुलगी : मुक्ता साळवे, १८५५

१/ १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात दोन भागांत एक निबंध प्रसिद्ध झाला : ‘मांग-महारांच्या दुःखाविषयी’. लेखिका मुक्ता साळवे, फुले दांपत्याच्या शाळेतील सुमारे १४ वर्षांची मांग विद्यार्थिनी.

२/ ती ‘आम्ही’ म्हणून लिहिते. वेदांवर ब्राह्मणांचाच अधिकार असेल, तर आमचा धर्म कोणता, असा तिचा रोखठोक प्रश्न आहे.

३/ पुरावा मात्र ती रोजच्या जगण्यातून देते. दगड लागून रक्त आले तरी मुले तक्रार करीत नाहीत. कारण त्याच दारी उष्टे मागायला जायचे असते. एका वाक्यात अपमान आणि त्यामागचे अर्थकारण!

४/ घरावर छप्पर नाही, म्हणून बाळंतिणी थंडी-पावसात कुडकुडतात. त्यांना किती दुःख होत असेल, हे स्वतःच्या अनुभवावरून ताडून पाहा, असे ती वाचकाला बजावते. प्रसूतिवेदना जात पाहत नाहीत; त्यामुळे उच्चवर्णीय वाचकालाही येथे नजर चुकवता येत नाही.

५/ पुढे १२३ वर्षांनी, १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आले आणि दलित आत्मकथनांनी मराठी साहित्य हादरवले. ‘आम्ही काय भोगतो, ते आम्हीच सांगू’ हा हक्क मुक्ताने शाळकरी वयातच बजावला होता.