काचबिंदूची शस्त्रक्रिया : रुग्णाचे आकलन व समाधान

नेत्रगोलातील द्रवाचा निचरा अडून बहुधा दाब वाढतो व दृक्-तंत्रिका क्रमाक्रमाने क्षीण होते, अशा काचबिंदू या विकारात थेंबांचा व लेसरचा इलाज अपुरा पडल्यास दाब उतरविण्यासाठी करावयाची शस्त्रक्रिया. आल्ब्रेख्त फोन ग्रेफे यांनी १८५७ मध्ये कनीनिकेचा अंश काढण्याची पद्धती प्रसिद्ध केली. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयात रॉबर्ट हेन्री एलियट यांनी नेत्रभित्तीस सूक्ष्म छिद्र पाडण्याची पद्धती रूढ केली. आणि १९६८ मध्ये जॉन केर्न्स यांनी वर्णिलेल्या शस्त्रक्रियेत शुभ्रपटलाच्या झडपेखालून द्रवास नवी वाट दिली जाते.

मोतीबिंदू काढल्यावर दृष्टी बहुधा सुधारते, हा अनुभव घरोघरी परिचित असल्याने काचबिंदूचा रुग्णही तीच अपेक्षा बाळगतो. परंतु नष्ट झालेली दृष्टी येथे परत येत नाही, उरलेली राखणे एवढाच हेतू असतो, किंबहुना प्रारंभीचे काही आठवडे दृष्टी अधिकच अंधुक भासते. म्हणून दाब उतरूनही, म्हणजे वैद्यकीय यश लाभूनही, रुग्ण असंतुष्ट राहू शकतो. संमतिपत्रावर केवळ सही वा अंगठा घेणे ही आकलनाची खातरजमा नव्हे. ऐकलेले रुग्णाकडून त्याच्याच शब्दांत वदवून घेणे, थेंब पुन्हा लागण्याचा संभव, वारंवार तपासणीची निकड आणि डोळा लाल होणे, दुखणे वा अंधुक दिसणे या धोक्याच्या लक्षणांची खबरदारी आप्तांसमक्ष समजावणे, यांवरच समाधानाचा पाया उभा राहतो.