नांदेडच्या गुरूंचं घर

नांदेडला गोदावरीकाठी शिखांचा मोठा गुरुद्वारा आहे, हुजूर साहिब. दहावे गुरू गोविंदसिंग यांनी 1708 साली नांदेडलाच देह ठेवला. त्यांच्या लढायांबद्दल तुम्ही ऐकलं असेल. आज त्यांच्या घरातल्या बायांबद्दल सांगते.

गोविंदसिंगांचा जन्म 1666 चा, पाटण्याचा. वडील नववे गुरू तेगबहादूर, आई माता गुजरी. 1675 मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने दिल्लीत वडिलांचा शिरच्छेद झाला. मुलगा तेव्हा जेमतेम 9 वर्षांचा होता. गुजरी मातेने आपला भाऊ कृपालचंद याच्या मदतीने त्याला वाढवलं.

पुढे गुरूंचे चारही मुलगे गेले. थोरले दोघे चमकौरच्या लढाईत पडले, धाकट्या दोघांना सरहिंदला मारलं. धाकट्यांसोबत कैदेत आजी गुजरीच होती. तिनेही तिथेच प्राण सोडला.

माता सुंदरी आणि माता साहिब कौर या गुरूंच्या पत्नी. साहिब कौर दक्षिणेत गुरूंसोबत आल्या होत्या, मग दिल्लीला सुंदरींकडे गेल्या. गुरूंच्या मागे शिखांना हुकुमनामे, म्हणजे आज्ञापत्रं, जायची ती या दोघींच्या नावाने.

आपल्या कर्जत-खालापुरातही गटाच्या ठरावावर नाव बाईचं असतं. निर्णय मात्र कधी कधी घरचा पुरुष घेतो. म्हणून पुढच्या बैठकीत सही करण्याआधी ठराव मोठ्याने वाचायला सांगा, पटला नाही तर तसं बोला. सही आपली, तर निर्णयही आपलाच हवा.