पर्यावरण वकिली, रायगड किनाऱ्यावरील
उरण ते श्रीवर्धन या पट्ट्यातील बंदरे, कारखाने, बंगले व मच्छीमारी यांच्या वादांत चालणारा वकिली व्यवसाय. सनद बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची. कामाचा आधार पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ आणि १९९१ पासूनची किनारा नियमन अधिसूचना. २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आले व पुण्याचे पश्चिम विभागीय खंडपीठ हे नेहमीचे व्यासपीठ झाले. तेथे मुदतीला फार महत्त्व : वादाचा अर्ज सहा महिन्यांत, भरपाईचा पाच वर्षांत. कागद जमवण्यातच वर्ष घालवणाऱ्या पक्षकाराची पहिली मुदत सहज हुकते.

या खंडपीठाचा सर्वांत गाजलेला निकाल २७ फेब्रुवारी २०१५ चा. भराव व खारफुटीची तोड यांमुळे उपजीविका गमावलेल्या उरण परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये द्यावेत, असा आदेश जवाहरलाल नेहरू बंदर न्यास, सिडको व ओएनजीसी यांना झाला. अर्थात आदेश म्हणजे वसुली नव्हे. न्यायाधिकरणाच्या आदेशावरील अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जाते.

बंगल्यांच्या वादांत, फरार हिरे व्यापारी नीरव मोदीचा अलिबागजवळच्या किहीमचा बेकायदा बंगला मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिकेनंतर मार्च २०१९ मध्ये सुरुंगाने पाडला गेला. उद्योगांची बाजू लढवणारे वकील मुख्यतः संमतिपत्रे व पर्यावरण मंजुऱ्यांचे वाद हाताळतात.